तेहतीस आहे, काका

माणसाला स्टेपनी म्हणू नये हे मला कळतं. पण आमच्या टायरच्या दुकानात त्यांना सगळे स्टेपनीकाकाच म्हणायचे, आणि सगळ्यात जास्त मीच म्हणायचे. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की स्टेपनी. नाव मी पाडलेलं नव्हतं. ते त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाने पाडलं. पंधरा वर्षांपूर्वी भाऊ नवी गाडी घेऊन पहिल्यांदा हवा भरायला आला, तेव्हा मागच्या सीटवर अंग चोरून बसलेल्या धाकट्याकडे अंगठा करून म्हणाला, "हा आमचा स्टेपनी. लग्न केलं नाही, घरातच असतो. कुणाचं काही अडलं की काढायचा." गाडीतले सगळे हसले. काकाही हसले. मीही हसले, आता कशाला नाही म्हणू.

पुढे मी त्यांच्याशी खोटं बोलले. फार मोठं नाही, तीन शब्दांचं. ते बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून सांगते.

आधी दुकान सांगते, म्हणजे गोंधळ नको. वडिलांचं दुकान, आता माझं. रस्त्याच्या वळणावर दोन शटर. एका बाजूला चाकं काढायचं-घालायचं मशिन, दुसऱ्या बाजूला बॅलन्सिंगचं. कॉम्प्रेसर मागे, तो सुरू झाला की बोलणं बंद. कामाला एक फिटर, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, अर्धा बहिरा आणि पूर्ण हट्टी. घरी मी एकटी. दिवसभर रबराचा वास अंगाला लागतो आणि रात्री साबणाने जात नाही, त्याची आता सवय झाली आहे. माझा स्वभाव तापट. वडील म्हणायचे, हिच्या नाकावर कॉम्प्रेसर बसवलाय.

काका दर शनिवारी दहा वाजता यायचे. सरकारी वजनमापे खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासायचे, किलोचं वजन खरंच किलोचं आहे का बघायचं, असलं तर शिक्का मारायचा. अशा माणसाशी धंदा करणं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही चाक बॅलन्स करताना रिमला शिशाचे छोटे तुकडे ठोकतो, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम. एकदा ह्यांनी त्यातले सहा तुकडे मागून घरी नेले आणि पुढच्या शनिवारी परत आणून टेबलावर मांडले. म्हणाले, "बाई, हे दहाचे म्हणून जे विकतायत तुम्हाला, ते साडेनऊ आहेत. सहापैकी चार." मी म्हटलं, "काका, मी सोनं विकत नाही." ते म्हणाले, "सोन्यात साडेनऊ चाललं असतं एक वेळ. चाक ताशी ऐंशीने फिरतं." फिटरला ऐकू आलं नाही, तरी तो हसला.

हवेचंही तसंच. दाब मोजायचं स्वतःचं गेज, पेनाएवढं, शर्टाच्या खिशात. माझ्या गेजवर तेहतीस दिसलं की ते आपलं लावून बघायचे. आणि चारी चाकं झाली की न चुकता म्हणायचे, "पाचवं पण बघा." पाचवं म्हणजे स्टेपनी, डिकीच्या तळाला, गालिच्याखाली, वर झाकण, झाकणावर घरातलं सामान. ते सगळं उपसायचं, हवा बघायची, पुन्हा लावायचं, दहा मिनिटं मोडतात. शंभर गाड्या येतात, त्यातला एक माणूस पाचव्या चाकाची आठवण काढत नाही. रस्त्यात अडकले की मग कपाळाला हात लावतात. काका मात्र दर आठवड्याला. नाव भावाने पाडलं असेल, पण ते आमच्याकडे टिकलं ह्या हट्टामुळे.

सुरुवातीला त्यांच्याबरोबर पुतणी यायची. तेव्हा बारा वर्षांची असेल. चाकाशी उकिडवी बसून काकांचं गेज स्वतः लावायची आणि बॅंकेत टोकन पुकारतात तसं पुकारायची, "तेहतीस." चार वेळा तेहतीस झालं की डिकीत वाकून पाचव्यांदा. भावाला आणि वहिनींना वेळ नसायचा, म्हणून हिला शाळेत सोडणं, आणणं, दाताच्या डॉक्टरकडे नेणं, रडली तर गाडी बाजूला घेऊन रडू देणं, सगळं काकांकडे. लग्न का केलं नाही म्हणून मी एकदा आगाऊपणा करून विचारलं होतं. म्हणाले, "कुणी ना कुणी कुठे तरी सोडायचं राहिलेलंच असायचं." बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

मग पुतणी शिकायला परदेशी गेली, तिथेच लग्न केलं. भाऊ गेला, वर्षाच्या आत वहिनी गेल्या. घरात उरले वरच्या मजल्यावर पुतण्या आणि त्याची बायको, दोघं नोकरीवाले, त्यांची वेगळी मोठी गाडी. खाली मागच्या खोलीत काका. जुनी गाडी पुतण्याच्या नावावर, पण किल्ली काकांकडे. त्या गाडीला आता कुणाला सोडायचं नव्हतं. शनिवारी आमच्याकडे यायची आणि परत जायची, येऊन-जाऊन चार किलोमीटर. खरं सांगते, मला कळायचं नाही की ते हवेसाठी येतात की माणसांसाठी. टायरमधली हवा एका आठवड्यात कुठे जाते एवढी. कधी अर्धा पॉइंट कमी असायचा, कधी तोही नाही. तरी मी नळी लावायचे, फुस्स करून दाखवायचे आणि म्हणायचे, "झालं, तेहतीस." मग ते फिटरच्या शेजारी उलट्या टायरवर बसून चहा घ्यायचे आणि अकराला उठायचे. आठवड्यात कुणाशी बोलले असतील तर ते एवढंच, असं त्यांच्या आवाजावरून वाटायचं. पहिली दोन वाक्यं घोगरी यायची, न वापरलेल्या नळासारखी.

गेल्या वर्षी एका शनिवारी ते साडेनऊलाच आले. गाडीतून उतरायच्या आत म्हणाले, "पोरगी येतेय. बाळ घेऊन. सात महिन्यांचं." मग जरा थांबून, "म्हणाली, काका, घ्यायला तुम्हीच या."

विमानतळ आमच्यापासून साडेतीन तासांवर. पुतण्याचं म्हणणं, टॅक्सी सांगू, तुमचं वय झालं, बाळ आहे बरोबर. त्यावरून दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी पुतण्या कबूल झाला, पण अट घालून. काही गडबड झाली तर किल्ली द्यायची आणि गाडी विकायची, पुन्हा विषय नाही. काकांनी मान्य केलं. मला हे सांगताना ते हसत होते, पण हात मात्र बॉनेटवर ठेवलेला होता, कुणी गाडी ओढून नेईल अशा भीतीने. म्हणाले, "बाई, टायर बघा. मला ह्यात काही कमी ठेवायचं नाही."

मी बघितले. नक्षी भरपूर होती, झिजून गोटा व्हायला अजून पाच वर्षं गेली असती. पण टायर नुसता धावून म्हातारा होत नाही, उभा राहूनही होतो. गालावर, म्हणजे बाजूच्या रबराला, बारीक भेगा होत्या, कोरड्या टाचेला असतात तशा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर मीच दिलेले, एकाच आठवड्यातले, आठ वर्षांचे. मी म्हटलं, "काका, दिसायला झकास, पण साडेतीन तास जायचं तर बदला."

तिथून तीन शनिवार टायर निवडणं चाललं. आतापर्यंत मी मोठमोठ्या गाडीवाल्यांना पाच मिनिटांत टायर बसवून वाटेला लावलंय. काकांनी तीन आठवडे घेतले. मी म्हटलं जरा रुंद घ्या, गाडी रुबाबदार दिसते, तर म्हणाले, "कंपनीने जे माप दिलंय ते कुणी तरी विचार करून दिलं असेल." मऊ रबर ओल्या रस्त्याला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण आवाज करतं. ते म्हणाले मऊच, बाळ झोपलेलं असेल. मग तारीख. मांडणीवरचे दोन मी पुढे केले, त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि अंगठ्याने रबर दाबून बाजूला ठेवले. "हे चौदा महिने तुमच्याकडे बसलेत, बाई. ताजे मागवा. चारी एकाच महिन्यातले." मी तोंडातल्या तोंडात जे बोलले ते फिटर बहिरा म्हणून बरं.

चारी ताजे आले. बसवले, प्रत्येकाला नवा व्हॉल्व्ह लावला, बॅलन्स केले. शिशाचे तुकडे त्यांनी घरून तोलून आणले होते. राहिली स्टेपनी. काका म्हणाले, "हे पाचवं पण त्याच आठवड्यातलं ना? चार म्हातारे झाले तर हे तरुण कसं?"

बिनतोड प्रश्न होता. पण दुकानात तीन गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी वैतागले होते. म्हटलं, "ती उन्हात कुठे होती, काका? रस्त्याला एकदा लागली नाही. अंधारात आरामात पडून आहे. अडलंच तर पन्नास किलोमीटर सहज ओढेल." ते मग म्हणाले, "हं. आरामात पडून." आणि झाकण लावलं. स्टेपनीचा व्हॉल्व्ह पण आठ वर्षांचा जुना होता. तो बदलायला मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी कंटाळा केला असता.

मी त्यांना सांगितलं होतं की नव्या टायरवर कारखान्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर किलोमीटर जपून चालवा, मगच लांब जा. दुसरा कुणी असता तर मान हलवून विसरला असता. काकांनी शंभर किलोमीटर मोजून काढले. आमच्या दुकानावरून एक रस्ता पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत इथेच येतो, नऊ किलोमीटरचा. दोन दिवसांत त्यांनी त्याला बारा फेऱ्या मारल्या. गाडीत एकटे, खिडकी अर्धी उघडी, वेग चाळीस. दर फेरीला दुकानासमोरून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे. पहिल्या दोन फेऱ्यांना मी हात केला. नंतर कामात होते. फिटर मात्र शेवटपर्यंत मोजत होता.

आता तो शनिवार. रविवारी पहाटे सहाला निघायचं, अकराला विमान. काका दहाला आले, गाडी अशी धुतलेली की नंबरप्लेटसुद्धा चमकत होती. मी चारी चाकांची हवा भरली. ते म्हणाले, "पाचवं पण बघा," आणि फिटरला बाळाचा फोटो दाखवायला आत गेले. मी डिकी उघडली. आत बाळाची खुर्ची, अजून कागदात गुंडाळलेली. घडी घातलेली दोन पांघरुणं, पाण्याच्या बाटल्या, उशी, एक कापडी हत्ती, आणि सगळं एकमेकांत असं बसवलेलं की बोट घालायला जागा नाही. अर्धा तास लागला असेल त्यांना रचायला. कोपऱ्यात त्यांचा पायपंप नेहमी असायचा, तो सुद्धा जागा व्हावी म्हणून घरी काढून ठेवलेला दिसला.

मी दोन मिनिटं बघत उभी राहिले. मनात म्हटलं, एवढं छान लावलंय, कशाला विस्कटा. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, पण ते खरं नाही. खरं एवढंच की मी दमले होते, मागे गाड्या उभ्या होत्या, आणि वाटलं, काय होतंय. मी डिकी बंद केली आणि मोठ्याने म्हटलं, "तेहतीस आहे, काका."

आतून ते म्हणाले, "बरं."

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. सकाळी साडेआठला, दोन तृतीयांश रस्ता मागे पडल्यावर, मागच्या चाकात खिळा गेला. टायर नवा असो की जुना, खिळ्याला काय त्याचं. जवळपास वस्ती नाही, सिमेंटचं एक बंद गोदाम तेवढं. काकांनी घड्याळ बघितलं, अडीच तास हातात होते. सगळं सामान काढून पांघरुणावर रस्त्याकडेला नीट मांडलं, चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले आणि जॅक उतरवायला लागले. जॅक खाली आला, आणि गाडी खालीच येत राहिली. स्टेपनी रिमवर बसली. आत हवा नव्हतीच. व्हॉल्व्हच्या बुडाला भेग पडली होती आणि थोडी थोडी करत सगळी निघून गेली होती.

ते चाक परत काढून, ओढत नेऊन, एका ट्रकवाल्याला हात करून अकरा किलोमीटर पुढे हवेच्या दुकानात गेले. रविवार म्हणून ते दुकान दहाला उघडलं, मग व्हॉल्व्ह बदलून हवा भरून घेतली. पुतणीचा फोन लागेना, तिथे उतरल्यावर तिचं परदेशी कार्ड चालत नव्हतं. शेवटी त्यांनी पुतण्याला फोन केला. त्याने इथूनच तिकडची टॅक्सी सांगितली. काका चाक घेऊन परत गाडीपाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. सामान होतं तसंच होतं, पांघरूणसुद्धा. त्यांनी ते पुन्हा डिकीत रचलं आणि गाडी उलटी वळवली.

जुन्या स्टेपनीवर हळूहळू चालवत घरी पोचले साडेचार वाजता. पुतणी तासाभरापूर्वीच पोचली होती. ती दारात येऊन म्हणाली, "असू दे हो काका, होतं असं कधी कधी." बाळ वर झोपलेलं होतं. काकांनी हात धुतले, ग्रीस निघेना म्हणून पुन्हा धुतले, तोपर्यंत तीही वर जाऊन झोपली. बाळाची खुर्ची तशीच कागदात राहिली. बारा दिवसांनी ती परत गेली, तीही टॅक्सीनेच.

पुढच्या शनिवारी काका पंक्चरचं चाक घेऊन आले. म्हणाले, "खिळा होता." एवढंच. मी विचारलं, "पोरगी पोचली?" म्हणाले, "पोचली, पोचली." मी पंक्चर काढून दिलं. स्टेपनीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मला कसलीच शंका आली नाही.

मग महिन्याभराने पुतण्या आला, गाडी विकायची म्हणून टायर किती चाललेत ते लिहून घ्यायला. मी म्हटलं, नवेच आहेत, कशाला विकताय. तर उभ्या उभ्या सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "बघा ना. आयुष्यभर लोकांची मापं तपासली, आणि निघताना स्वतःच्या गाडीची स्टेपनी बघितली नाही. स्वतःच कबूल केलं त्यांनी, माझ्याकडून राहिलं म्हणून. आता वयाला काय करणार. किल्ली घेतली मी."

मी तिथे बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, काकांकडून नाही राहिलं, माझ्याकडून राहिलं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं आणि टायरची तारीख वाचून दाखवली. तापट माणसं शूर असतात असं लोकांना वाटतं. मी तर पक्की भित्री निघाले. गाडी आठ दिवसांत गेली.

मला वाटलं, आता काका यायचे बंद होतील, गाडीच नाही तर हवा कसली. आणि हे मनात आलं तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं, त्याची लाज अजून वाटते. पण त्या शनिवारी दहा वाजता ते आले. चालत. दोन किलोमीटर. शर्टाच्या खिशात गेज. उलट्या टायरवर बसले, चहा घेतला, एका गिऱ्हाइकाला तारखेचे चार आकडे कसे वाचायचे ते समजावलं, अकराला उठले. पुढच्या शनिवारी पुन्हा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. उगाच फिटरवर खेकसायचे. पाठीमागे स्टेपनी म्हणणं तर बंदच झालं. असे सात शनिवार गेले.

आठव्या शनिवारी फिटर रजेवर होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. कॉम्प्रेसर बंद. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी मी डिकी उघडून नुसती बंद केली. पाचवं बघितलंच नाही. तेहतीस आहे म्हणाले ते खोटं."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"खडू," ते म्हणाले. "खात्यात सवय होती. वजन तपासायला दिलं की मागे खडूचा ठिपका द्यायचा. परत आलं आणि ठिपका तसाच असला तर समजायचं, हात लागलेला नाही. मी दर शुक्रवारी स्टेपनीच्या व्हॉल्व्हच्या टोपीवर ठिपका द्यायचो. तुम्ही टोपी फिरवली की तो पुसायचा. रविवारी सकाळी बघायचो."

म्हणजे इतकी वर्षं. मी विचारलं, "मग? कधी तसाच सापडला?"

"बरेचदा," ते म्हणाले. "वर्षातून दहा-बारा वेळा. मग मी पायपंपाने भरून टाकायचो. हल्ली हवा जास्त लागायची. तेव्हाच कळायला हवं होतं की व्हॉल्व्ह गेलाय. ती चूक माझी. मला वाटायचं, बाईंनी बघितली नाही म्हणून कमी आहे."

"मग त्या दिवशी का नाही बघितलात निघताना?" मी जवळजवळ भांडायलाच उठले होते. "एवढं सगळं तोलून मापून करता, एवढं महत्त्वाचं जायचं होतं, आणि त्याच दिवशी?"

ते म्हणाले, "डिकी भरलेली होती. आणि वाटलं, आज तरी बाई बघतील. आज काय आहे ते त्यांना माहीत आहे."

मी रडले. दुकानात, शटर उघडं असताना, मी रडले. वडील गेले तेव्हाही दुकानात नव्हते रडले. ते उठले नाहीत, समजूत काढली नाही, त्यांना ते जमत नसावं. नुसते बसून राहिले, पूर्वी पुतणी रडायची तेव्हा गाडी बाजूला घेऊन बसत असतील तसे. जरा वेळाने मी तोंड पुसून म्हटलं, "मी तुमच्या पुतण्याला सांगते. आजच. माझ्यामुळे झालं म्हणून. गाडी परत येणार नाही, पण निदान त्याला कळू दे. पोरीलाही कळू दे. तुम्ही कशाला अंगावर घेतलंत ते?"

"नका सांगू," ते म्हणाले. "रागीट आहे तो. इथे येऊन तमाशा केला असता, तुम्हीही काही कमी नाही. मग पुन्हा ह्या दुकानात पाय ठेवता आला नसता कुणाला घरातल्या."

"नसता तर नसता. गाडी तर राहिली असती तुमची."

काकांनी रिकामा कप पायाशी ठेवला, खिशातलं गेज काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"गाडी राहिली असती, बाई," ते म्हणाले. "पण शनिवारी ती घेऊन मी गेलो असतो कुठे?"